गुरुवारी मैदान बंद

बुधवारी रात्री नऊच्या सुमारास ग्रुपवर एक ओळ पडते : ‘उद्या गुरुवार. मैदान बंद. कुणी पळायचं नाही.’ पाच मिनिटांत सरांचा फोन वाजू लागतो. ‘सर, सोमवारी माझा खाडा झालाय, मी एकटाच येऊन जाऊ का?’ ‘सर, नुसते दोन राउंड मारतो, जास्त न्हाई.’ ‘घरच्या घरी जोर मारलेले चालतील का ओ?’ पहाटे साडेपाचला कुडकुडत हजर राहा असं सांगितलं, तर यांतल्या एकाचाही फोन येत नाही. घरी बसा म्हटलं की सगळ्यांना शंका येतात.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका इमारतीत दोन गाळे एकत्र करून सरांनी जिम थाटली आहे. संध्याकाळी तिथे पोट कमी करायला आलेले व्यापारी, बँकेतली मंडळी, गुडघ्यांनी बेजार झालेल्या गृहिणी असतात. पहाटे मात्र सर शहराबाहेरच्या मैदानावर असतात, पोलीस भरतीच्या बॅचबरोबर. चाळीस-पंचेचाळीस मुलंमुली, बरीचशी माण, खटाव, कोरेगावकडची. कुणी चौघांत खोली करून राहतं, कुणी पहिल्या एसटीनं येतं. चौदा वर्षं हे काम करताना सरांना एक गोष्ट कळून चुकली आहे. पोरांना पळवायला शिट्टी पुरते, थांबवायला मात्र सगळी मास्तरकी पणाला लागते.

आणि थांबवण्याचे पैसे कुणी देत नाही. एका मुलाचे वडील एकदा कागदावर हिशेब मांडूनच आले होते. फी तीस दिवसांची, गुरुवार चार, म्हणजे तेवढी रक्कम कमी व्हायला हवी. शेजारच्या एका अकॅडमीचा फलकही त्यांनी वाचून ठेवला होता : सकाळ-संध्याकाळ सराव, एकही सुट्टी नाही. सरांनी चहा मागवला आणि विचारलं, ‘काका, तुमच्याकडं सोमवारी औत धरतात का?’

‘न्हाई. सोमवारी बैल जुंपत न्हाईत. महादेवाचा वार.’

‘मग गुरुवार दत्ताचा समजा.’

काका हसले. पैसे कापायचा विषय चहाबरोबर संपला. खरं तर त्या गुरुवारात दत्तमहाराजांचा काही संबंध नाही. मंगळवारी चढावरची धाव असते, बुधवारी चारशे मीटरचे जोरकस तुकडे असतात, म्हणून त्यानंतरचा दिवस मोकळा ठेवलेला. पण ‘अवघड सरावानंतरचा पुनर्भरणाचा दिवस’ असं म्हटलं असतं, तर काकांनी चहा तसाच ठेवून पैसे परत मागितले असते.

सुट्टी देवाच्या नावावर मागून घ्यायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागत होते, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे, हाही मुद्दा त्यांनी पुढे केला होता. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली आणि १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज ज्या रविवारी निम्मा महाराष्ट्र ‘आज वेळ आहे तर जरा जास्त व्यायाम करू’ म्हणून अंग मोडून घेतो, तो रविवार असा भांडून मिळवलेला आहे. सरांना हा तपशील मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सापडला आणि तेव्हापासून तो त्यांच्या बोलण्यात कायमचा आला.

*

सरांना हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. ते डाव्या नडगीतून आलं.

एकविसाव्या वर्षी ते स्वतः भरतीची तयारी करत होते. गाव कराडकडचं. घराच्या मागच्या भिंतीवर खडूनं रोज एक रेघ मारायची, हा नेम. बावन्न रेघा झाल्या, एकही खाडा नाही. डांबरी सडकेच्या कडेनं, बाजारात मिळणाऱ्या पातळ तळव्याच्या बुटात, पावसात, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांच्या धुरळ्यात. चाळिसाव्या रेघेच्या आसपास नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. सुरुवातीला सगळी नडगी ठणकायची, नंतर दुखणं एका बोटाखाली मावेल एवढ्या जागेवर येऊन बसलं. आईनं हळद-चुन्याचा लेप लावला. मित्रांनी सांगितलं, पळून पळूनच मोकळं होईल. एक्स-रे काढला तर त्यात काही दिसलं नाही. मुका मार असेल, असं ठरलं. बावन्न रेघांच्या बळावर ते मैदानात उतरले आणि तिसऱ्या फेरीला पाय टेकवेना. तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे निघाला. तेव्हा त्याच जागी हाडावर बारीक रेघ आणि तिच्याभोवती नव्या हाडाचा पांढरट फुगवटा दिसला. स्ट्रेस फ्रॅक्चर.

पहिल्या एक्स-रेचा दोष नव्हता. असं फ्रॅक्चर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. दिसतं ते भरून येऊ लागल्यावर. एमआरआय आधी दाखवतो, पण त्या काळी तालुक्याच्या ठिकाणी नडगीसाठी एमआरआय कोण सांगणार आणि कोण काढणार.

हाड मोडलं कसं, हे त्यांना पुढे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका मित्रानं समजावलं, तेही महामार्गावरच्या खड्ड्याजवळ उभं राहून. रस्त्याचा खड्डा नीट बुजवायचा असेल, तर कामगार आधी त्याच्या कडा चौकोनी खोदून काढतात. म्हणजे बुजवण्याआधी खड्डा मोठा होतो. हाडाचंही तसंच. धावण्याचा मार बसला की जुनं, थकलेलं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात. त्यांना साधारण तीन आठवडे पुरतात. नवं हाड भरणाऱ्या पेशी मात्र संथ, त्यांचं काम तीन-चार महिने चालतं. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कमजोर असते. खोदलेल्या खड्ड्यावरून रोज ट्रक सोडत राहिलं तर काय होणार? बावन्न रेघांपैकी प्रत्येक रेघ म्हणजे असा एक ट्रक होता.

त्या वर्षीची भरती गेली, पुढच्या वर्षी वय होतं पण धीर राहिला नव्हता. सरांनी व्यायाम प्रशिक्षणाचे कोर्स केले आणि ते या धंद्यात आले. भिंतीवरच्या रेघा चुना दिल्यावरही बरेच दिवस पुसट दिसत असत.

*

बॅचच्या पहिल्या आठवड्यात सर एक गोष्ट सांगतात. १९६६ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी, योनास बेरिस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी, एक प्रयोग स्वतःवरच केला. एकच व्यायामाची सायकल. एक जण एका बाजूला बसून डाव्या पायानं पेडल मारतोय, दुसरा दुसऱ्या बाजूनं उजव्या पायानं. दोघांचाही दुसरा पाय रिकामा. काम करणारा पाय पार थकेपर्यंत हे चाललं. मग मांडीत सुई घालून स्नायूचा बारीक तुकडा काढला. थकलेल्या पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, जवळजवळ संपली होती. पुढचे तीन दिवस दोघांनी पिष्टमय पदार्थ भरपूर खाल्ले आणि पायाला काम दिलं नाही. रोज तुकडा काढून पाहिला. रिकाम्या राहिलेल्या पायात फारसा फरक नव्हता. राबलेल्या पायात मात्र साठा नुसता भरून आला नाही, तो दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला.

इथे सर थांबतात आणि विचारतात, ‘साठा वाढला कधी? सायकल मारताना का बसल्यावर?’ मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास म्हणतं, ‘खाल्ल्यावर.’ तेही चूक नाही. भाकरी आणि आराम यांची फारकत करून चालत नाही, हे पोरांना सरांच्या आधी कळलेलं असतं.

वजनं उचलणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. जोरकस व्यायामानंतर स्नायूतली नवी प्रथिनं बांधण्याचा वेग वाढतो आणि तो दोन दिवसांनंतरही नेहमीपेक्षा जास्त असलेला मोजला गेला आहे. सोमवारी छातीचा व्यायाम केला, तर त्याचं बांधकाम बुधवारीही चालू असतं. मंगळवारी त्याच छातीवर पुन्हा तेवढाच मारा करणारा माणूस आपल्याच गवंड्याच्या हातातली थापी ओढून घेतो. आपल्या भाषेत याला फार चांगला शब्द आहे : मुरणं. कणीक मुरते, लोणचं मुरतं, आंबवलेलं पीठ रात्रभर झाकून ठेवावं लागतं. दर अर्ध्या तासानं झाकण उघडून बघणाऱ्याला घरातली म्हातारी काय म्हणते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. व्यायामाच्या बाबतीत मात्र तसं म्हणणारी म्हातारी घरात उरलेली नाही.

पूर्वी ती तालमीत असे. सरांच्या गावच्या तालमीत शनिवारी लढत नसत. वस्ताद म्हणायचे, मारुतीचा वार, आज माती खेळवायची. म्हणजे हौदातली लाल माती खालीवर करायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळायचं, पूजा करायची, मग एकमेकांना मालिश. पैलवान दमत नसत असं नाही, पण कुणी कुणाला उचलून आपटत नसे. लहानपणी सरांना तो दिवस कंटाळवाणा वाटायचा. आता त्यांना वाटतं की त्या म्हाताऱ्या वस्तादांना नाव माहीत नसेल, पण काम पुरतं माहीत होतं. मातीलाही एक दिवस लागतो, असं ते म्हणायचे. मातीच्या आडून ते पोरांबद्दल बोलत होते हे कळायला सरांना नडगी मोडून घ्यावी लागली.

*

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची गोष्ट सर दोन बाजूंनी सांगतात.

पहिली बाजू एमिल झाटोपेकची. या चेक धावपटूनं त्या एका ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. राक्षसी सरावासाठी तो प्रसिद्ध होता. पण मुलांना सर सांगतात ती गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधीची. १९५० साली ब्रसेल्सच्या युरोपीय स्पर्धेआधी झाटोपेक अन्नातून विषबाधा होऊन रुग्णालयात पडला. जवळजवळ दोन आठवडे धावणं बंद. स्पर्धेच्या तोंडावर घरी सोडलं, तसाच तो गेला, आणि १०,००० मीटरमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या ॲलन मिमूनला एका मिनिटाहून जास्त अंतरानं मागे टाकून जिंकला. ५,००० मीटरही त्याचीच. सक्तीच्या विश्रांतीनं अडून राहिलेली ताकद वर येते, या प्रकाराला पुढे धावण्याच्या जगात त्याचंच नाव चिकटलं. मुलं यावर नेहमी विचारतात, ‘मग सर, शिळं खाऊ का?’ हा विनोद दर बॅचला नव्यानं होतो.

दुसरी बाजू कराडजवळच्या गोळेश्वरची. खाशाबा जाधवांनी त्याच हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या शोहाची इशीबरोबरच्या दमवणाऱ्या लढतीनंतर त्यांना लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला बोलावण्यात आलं. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो मांडायला त्यांच्या बाजूचा कुणी अधिकारी जवळ नव्हता, असं सांगितलं जातं. थकलेले खाशाबा ती लढत हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मामेदबेकोव्हला रौप्य. साताऱ्याच्या पोरांना झाटोपेकपेक्षा ही गोष्ट जास्त लागते. कारण तिच्यात हातून गेलेला अर्धा तास आहे, आणि तो आपल्या माणसाच्या हातून गेला आहे.

*

गुरुवार सुरू करून दोन-तीन वर्षं झाली, तरी एक गोष्ट सरांना खटकत होती. शुक्रवारी मुलं ताजीतवानी दिसायला हवीत, ती दिसत नसत.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मुलांनी गुरुवारी पळायचं नाही हे इमानेइतबारे पाळलं होतं. त्याऐवजी एका दिवसात टेनिस बॉलच्या पाच मॅचेस खेळल्या होत्या. एकजण गावी जाऊन दिवसभर उसाला खत घालून आला होता. एकानं मित्राच्या बुलेटवरून कास पठार गाठलं होतं आणि तिथून परत येताना यवतेश्वरचा घाट हौसेनं पळत उतरला होता. उताराला पळणं मांड्यांना चढापेक्षा जास्त सोलून काढतं, कारण स्नायू ताणला जात असतानाच त्याला वजन पेलावं लागतं. ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात येतं. शुक्रवार-शनिवार तो मुलगा जिना आडवा उतरत होता.

मुलींचं आणखी वेगळं. एकीनं सांगितलं, ‘सर, गुरुवारी मैदान असलेलंच बरं. घरी राह्यलं की आई म्हणती, आज रिकामीच हाईस, तर गोधड्या धुऊन टाक.’ दुसरीला भावंडांचा डबा, तिसरीला आजीला दवाखान्यात नेणं. मुलींच्या घरात विश्रांतीचा दिवस म्हणून काही नसतंच. मैदानावर नसलेली मुलगी म्हणजे मोकळे हात. सरांना हे आधी सुचलं नव्हतं, याची त्यांना अजूनही थोडी लाज वाटते.

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा अस्सल सातारी होता. भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. पण त्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा असते. गुरुवारचं नाव बदललं. ‘मैदान बंद’च्या खाली ओळ आली : ‘लेखीचा तास सकाळी ८ ते ११. हजेरी घेतली जाईल.’ ताडपत्री अंथरायची, सगळ्यांनी बूट काढून बसायचं, अंकगणित, बुद्धिमत्ता, व्याकरण. मध्ये केळी आणि भिजवलेले शेंगदाणे. अभ्यासाला जाते म्हटल्यावर आई गोधड्या पुढे ढकलते. हिशेब घेऊन येणाऱ्या वडिलांनाही एकही दिवस फुकट जात नाही याचं समाधान. चाळीस पोरं तीन तास पाय पसरून बसतात आणि त्यांना वाटतं की आपण समास शिकतोय.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सरांनी उशिरा शिकून घेतली. दोघीतिघींची पाळी चार-पाच महिने आलेली नव्हती आणि त्या त्यावर खूश होत्या; कटकट गेली म्हणून. वजन कमी, खाणं तुटपुंजं, सराव दुप्पट. खर्चाच्या मानानं अन्न कमी पडू लागलं की शरीर ज्या गोष्टी आधी बंद करतं, त्यांत पाळी येते, आणि तिच्यामागोमाग हाडं कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन त्यावर निवेदन काढलं. हे प्रश्न सर स्वतः विचारत नाहीत. मुलींचा सराव घेणारी एक ताई आहे, ती विचारते, आणि उत्तर ‘नाही आली’ असलं तर त्या मुलीचा गुरुवार आठवडाभर चालतो आणि घरच्यांना दवाखाना सुचवला जातो. नियमच केलाय. यात घासाघीस नाही.

*

संध्याकाळच्या जिममध्ये वेगळीच जात भेटते. तिथे विश्रांती नाकारणाऱ्यांना भरतीची घाई नसते, भीती असते. पन्नाशीच्या एका बांधकाम कंत्राटदाराला डॉक्टरांनी साखरेबद्दल बजावलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते रोज दीड तास वजनं उचलू लागले. रविवारीसुद्धा किल्ली मागायला येत. खांदा इतका धरला, की शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी. सरांनी बरंच समजावलं. मग एके दिवशी ते सरांनाच एका साइटवर घेऊन गेले, नवा स्लॅब दाखवायला. वर वाळूची आळी करून पाणी साठवलेलं, खाली टेकू तसेच. सरांनी सहज विचारलं, टेकू आज काढले तर? साहेब ओरडलेच, ‘वेड लागलं का? पंधरा दिवस तरी हात लावायचा नाही. ताकद अठ्ठावीस दिवसांची धरतात.’ मग ते दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. साहेबांनी त्या रविवारी किल्ली मागितली नाही. खांदा बरा व्हायला तीन महिने लागले, आणि तेवढ्यात त्यांनी चार वेळा नियम मोडला, हेही लिहून ठेवायला हवं. माणूस स्लॅबइतका समजूतदार नसतो.

एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना पटवायला क्रिकेट उपयोगी पडलं. पाच दिवसांच्या कसोटीत पूर्वी मध्ये एक दिवस विश्रांतीचा असे, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. त्यांना मात्र सगळ्या मालिका तोंडपाठ. आठवड्यात दोन दिवस सोडायचे म्हटल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे रेस्ट डे. आधीच सांगायचं.’ पुढे वादच नाही.

सर्वांत अवघड प्रसंग रथसप्तमीनंतरचा. एका काकूंनी त्या दिवशी १०८ सूर्यनमस्कार घातले आणि तेव्हापासून रोज १०८ चा संकल्प सोडला. वय ५४. सज्जनगड ज्या गावातून दिसतो, तिथे सूर्यनमस्काराला नाही म्हणणारा सर जन्माला यायचाय. महिनाभरात मनगटं सुजली, कंबर धरली. सरांनी संकल्पाला हात लावला नाही. एवढंच विचारलं, की एकादशीला तुम्ही जेवता का? उपवास हाही नेमच ना? मग आठवड्यात दोन दिवस नमस्काराचा उपवास धरा. त्या दिवशी बारा घाला, मंत्रासकट, संथ. काकूंनी दोन दिवस विचार केला. मग त्यांनी बारावर होकार दिला, पण वार स्वतः निवडले.

*

कुणाला किती विश्रांती लागते, याचं एकच उत्तर सरांकडे नाही. त्यांच्याकडे वही आहे. बॅचमधल्या प्रत्येकानं सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजायची आणि आकडा लिहायचा. शेजारी तीन रकाने : झोप, भूक, मूड. रोज ५८-६० असणारी नाडी दोन-तीन दिवस ६८-७० वर गेली, तर सर त्या मुलाला बाजूला घेतात. आकडा खोटंही बोलतो. ताप येणार असला, रात्री भांडण झालं असलं, तरी तो चढतो, आणि कधी मुलगा पार थकलेला असताना आकडा शांत असतो. म्हणून सरांचा जास्त भरवसा मूडच्या रकान्यावर. एरवी बडबड्या मुलगा गोळा टाकल्यावर गप्प उभा राहिला, की ते वही न उघडताच ओळखतात. दमणं आणि खचणं या दोन गोष्टी वेगळ्या. दमलेला दोन दिवसांत उभा राहतो. खचलेल्याला आठवडे लागतात, कधी महिने, आणि तोवर त्याची वेळ सरावानं आणखी बिघडत जाते. वेळ बिघडली म्हणून तो जास्त पळतो. या फेऱ्यात सापडलेली पोरं सरांनी दरवर्षी पाहिली आहेत.

भरतीच्या आधीचे दहा-बारा दिवस म्हणजे तर सरांची परीक्षा. तेव्हा ते सरावाचं अंतर जवळजवळ निम्मं करतात, वेग मात्र तसाच ठेवतात. धावपटू, जलतरणपटू, सायकलपटू यांच्यावरचे २७ अभ्यास एकत्र करून २००७ साली निघालेला निष्कर्षही साधारण हाच : दोन आठवडे, अंतरात ४० ते ६० टक्के कपात, जोर कायम. कागदावर सरळ आहे. मैदानावर पोरं बिथरतात. पाय हलके लागतात, शिवशिवतात, रात्री झोप येत नाही, शेजारच्या अकॅडमीतली पोरं अजून दहा किलोमीटर मारताना दिसतात. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की २० पैकी २०; आपली वेळ ५ मिनिटं १८ सेकंद. आठ सेकंदांसाठी बसून राहायचं कसं?

शिवाय तारीख हातात नसते. २०२४ ची मैदानी चाचणी ऐन जूनमध्ये सुरू झाली आणि पावसानं काही ठिकाणचे दिवस पुढे गेले. ज्यांचा सराव कमी करत आणला होता, त्यांचं काय करायचं? पुन्हा वाढवायचा का तसाच धरायचा? त्या आठवड्यात सरांनी तीन वेळा वेळापत्रक खोडलं. त्यांतला एक निर्णय चुकला असं त्यांना आजही वाटतं. दोन मुलांना त्यांनी जास्तच थंड ठेवलं, आणि ती मुलं मैदानावर बोथट पळाली. विश्रांतीचंही अजीर्ण होतं, हे ते लपवत नाहीत. मीठ घालायचं म्हणून मुठीनं घालत नाहीत.

*

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला महिना राहिला होता आणि सरांनी त्या वर्षी नाव नोंदवलं होतं. एकवीस किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून वर जायचं आणि उतरून यायचं. मंगळवारी ते मुलांबरोबर चढावर पळाले, बुधवारी तुकडे मारले. नडगी नीट होती. गुरुवारी पहाटे जाग आली, बाहेर पाऊस थांबलेला, लेखीच्या तासाला अजून अडीच तास होते. सरांनी बायकोला न उठवता बूट घातले, घड्याळ चालू केलं, समर्थ मंदिराकडून घाटाला लागले.

वर धुकं दाट होतं. तिसऱ्या वळणानंतर डाव्या पोटरीनं पहिली कुरकुर केली. सरांनी ती ऐकली नाही. आणखी एक वळण गेलं. सहाव्या किलोमीटरला ते परत फिरले आणि उताराला लागले, जरा लंगडत, पण वेग न सोडता. मागून दुधाच्या किटल्यांचा खणखणाट आला. मोटरसायकल शेजारी येऊन हळू झाली. बॅचमधलाच मुलगा, पहाटे वरच्या गावातलं दूध गोळा करून साताऱ्यात आणतो, मग अभ्यासाला बसतो. सरांना पाहून त्यानं डोक्यावरचं पोतं मागे सारलं.

‘सर, आज गुरुवार हाय न्हवं?’

सर काही बोलले नाहीत. मुलगाही पुढे काही बोलला नाही. त्यानं फक्त टाकीवर पुढे सरकून मागे जागा केली. दोन्ही बाजूंना किटल्या, मध्ये वीतभर सीट. सर पाय वर घेऊन बसले. घाटभर पोटरीत गोळा उठत राहिला आणि दुधाचे शिंतोडे बुटांवर पडत राहिले. समर्थ मंदिराशी उतरल्यावर मुलगा म्हणाला, ‘आठला येतो. समासच हायती ना आज?’ आणि निघून गेला.

घड्याळ बंद करायचं राहूनच गेलं होतं. त्याच्या नोंदीनुसार त्या सकाळचे शेवटचे चार किलोमीटर सरांनी पावणेसात मिनिटांत काढले आहेत, आणि घड्याळानं त्यांचं अभिनंदनही केलं आहे.